शिरोलीतनं क्लाउडवर डेटाबेस पाईप करताना मधीच 'लॉस्ट कनेक्शन', लाईनवाला म्हणतोय लाईन ओके

मोल्डिंगशॉप

राम राम मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत आयटी बघतोय, म्हणजे प्रिंटरच्या टोनरपासनं सर्व्हरपर्यंत सगळं एकट्याच्याच गळ्यात. ऑफिसात कोपऱ्यात एक जुना सर्व्हर हाय, सेंटओएस ७, त्यावर मायएसक्यूएल ५.७ (डेटाबेस) आणि त्यावर आमची ईआरपी, म्हणजे कंपनीचा कारभार चालवायचं सॉफ्टवेअर. आता मालकांच्या डोक्यात बसलंय की सगळं क्लाउडवर न्यायचं, मुंबईत एक व्हर्च्युअल मशीन घेतलंय, उबुंटू आणि मायएसक्यूएल ८.०. डेटा सगळा मिळून ४० जीबीच्या घरात, आणि त्यातला निम्म्याच्या वर एकाच टेबलात, टेस्ट_सर्टिफिकेट. मटेरियल टेस्टचे स्कॅन केलेले पीडीएफ कुणीतरी कधीकाळी थेट ब्लॉब म्हणून, म्हणजे आख्खी फाईलच, टेबलात टाकायला सुरू केलं ते आजतागायत चालूच हाय.

कमांड ही दिलीय, डंपनं डेटा वाचून काढायचा आणि एसएसएचच्या कनेक्शनवरनं थेट तिकडच्या डेटाबेसात घालायचा (पासवर्ड कॉन्फिग फायलीत हाय):

मायएसक्यूएलडंप --सिंगल-ट्रान्झॅक्शन ईआरपी | एसएसएच क्लाउड "मायएसक्यूएल ईआरपी"

बारकी टेबलं पटापटा जातात, टेस्ट_सर्टिफिकेट आलं की थोडा वेळ चालतंय आणि मग हे:

एरर २०१३: लॉस्ट कनेक्शन टू मायएसक्यूएल सर्व्हर ड्यूरिंग क्वेरी व्हेन डंपिंग टेबल टेस्ट_सर्टिफिकेट ॲट रो: ४१२७

रो नंबर दरवेळी वेगळा येतोय त्यामुळं एखादी रो खराब असंल असं वाटत न्हाय. लाईनवाल्याला बोलवला, त्यानं राऊटर बघितला, पिंग बघितला, म्हणाला लाईन ओके हाय साहेब, तुमच्याच मशीनचा प्रॉब्लेम. रात्री करून बघितलं तरी तेच, आणि रात्रपाळीला भट्टी चालूच असती त्यामुळं हीटच्या, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक खेपेच्या, एंट्र्या रात्रीपण पडत असतात, सर्व्हर बंद ठेवून काय करायची सोय न्हाय.

दुसरं एक, जी टेबलं गेली त्यातलं कामगार टेबल उघडलं तर नावं आणि गावं सगळी चिन्हंच चिन्हं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी बारका ए, त्याच्यापुढं चार पाय फुटलेलं गोल काहीतरी, परत तोच ए, मधीच जपानी येनची खूण. जुन्या सर्व्हरवर ईआरपीत तीच नावं मस्त मराठीत दिसतात. ह्या दोन्हीचा एकमेकांशी काय संबंध हाय का? पगाराच्या आधी हे उरकायचंय.

—

पन्हाळा_पिंग

भावा एसएसएच तुटत असणार, दुसरं काय. टीमक्समध्ये चालव (खिडकी मिटली तरी त्यातलं काम चालू राहतंय) आणि एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६० टाक. आपल्याकडं राऊटर गप्प बसलेलं कनेक्शन बघितलं की कापून मोकळा होतोय.

—

जुना_टर्मिनल

टीमक्स वापरायलाच पाहिजे, त्यात दुमत न्हाय, लॅपटॉपचं झाकण मिटलं की सगळं मेलं असं नको. पण इथं एसएसएच तुटलेलं न्हाय. मेसेज नीट वाचा मंडळी. एसएसएच मेलं असतं तर डंपला लिहायला पुढं कोण उरलंच नसतं आणि 'गॉट एर्नो ३२ ऑन राईट' असं आलं असतं, ब्रोकन पाईप. २०१३ म्हणजे मायएसक्यूएलडंप आणि ज्या सर्व्हरमधनं तो वाचतोय त्या दोघांतलं कनेक्शन गेलं, आणि ते दोघंबी शिरोलीतल्या एकाच डब्यात बसल्यात. लाईनवाला खरंच बोलतोय, त्याला उगं चहाबी न देता पाठवला असशील.

आता एकाच मशीनवरचं कनेक्शन का तुटतंय, तर मुंबईच्या मशीनमुळं. कसं ते सांगतो. पाईपमध्ये साठवण म्हणशील तर लिनक्सात ६४ केबी, म्हणजे नसल्यातच जमा. क्लाउडवरचा मायएसक्यूएल ते पीडीएफ घालत बसलाय, डिस्क स्वस्तातली असणार, वरनं ८.० ला बायनरी लॉग (प्रत्येक बदलाची नोंदवही) न सांगता चालू असतोय म्हणजे प्रत्येक ब्लॉब दोनदोनदा लिहिला जातोय. तो थांबला की एसएसएच थांबतंय, एसएसएच थांबलं की डंप पुढं वाचायचा थांबतोय. सीझनला कारखान्यावर गव्हाण बंद पडली की उसाच्या गाड्या मागं रस्त्यापर्यंत उभ्या राहतात ना, ते. आणि शेवटच्या गाडीमागं तुझा ५.७ उभा हाय, त्याच्याकडं नेट_राईट_टाईमआऊट म्हणून सेटिंग असतंय, न बदललं तर ६० सेकंद. ६० सेकंदात समोरच्यानं काही उचललं न्हाय की तो म्हणतोय हा गिऱ्हाईक मेला, आणि फोन ठेवून देतोय. रो नंबर दरवेळी वेगळा त्याचं कारण हेच, मुंबईची डिस्क कधी आडवी पडंल त्याचा नेम न्हाय.

माझ्या शब्दावर जाऊ नको, दोन ठिकाणी बघ. डंप चालू असताना दुसऱ्या खिडकीत जुन्या सर्व्हरवर शो प्रोसेसलिस्ट मार, डंपच्या कनेक्शनपुढं 'सेंडिंग टू क्लायंट' असं बराच वेळ चिकटून बसलेलं दिसंल. आणि तुटल्यावर त्याच सर्व्हरचा एरर लॉग उघड, 'ॲबॉर्टेड कनेक्शन' आणि त्याच ओळीत 'गॉट टाईमआऊट रायटिंग कम्युनिकेशन पॅकेट्स' असं असायला पाहिजे. नसंल तर माझं सगळं खोटं.

ते असंल तर इलाज साधा हाय, थेट डेटाबेसात पाईप करू नको. काढणं, नेणं आणि घालणं ही तीन कामं वेगळी कर, म्हणजे कुठलं अडकलं ते लगेच कळतंय आणि जे अडकलं तेवढंच परत करायचं. आत्ता तू तिन्ही एका दोरीत बांधल्यात, एक पडला की तिघं पडतात आणि ओरडतोय मात्र भलताच.

सेट -ओ पाईपफेल
मायएसक्यूएलडंप --सिंगल-ट्रान्झॅक्शन --रूटीन्स --इव्हेंट्स --हेक्स-ब्लॉब ईआरपी | जीझिप > ईआरपी.एसक्यूएल.जीझेड

पहिली ओळ गाळू नको. बॅश पाईपातल्या शेवटच्या कमांडचा निकाल सांगतोय, म्हणजे डंप मधीच मेला तरी जीझिप खुशाल म्हणणार सगळं बरोबर, आणि अर्धी फाईल घेऊन तू मुंबईला. फाईल तयार झाली की झेडकॅट करून टेलनं शेवटची ओळ बघ, 'डंप कम्प्लीटेड' आणि तारीख असंल तरच पुढं. मग फाईल पाठवायला आरसिंक --पार्शियल --प्रोग्रेस, दाबून पाठवायचा -झेड लावू नको कारण फाईल आधीच दाबलेली हाय. दोन्हीकडं शा२५६सम (फाईलीचा ठसा) काढून ताडून बघ आणि मग तिकडं निवांत लोड कर, तिथं तिची डिस्क कितीबी रडू दे, मागं कोण वाट बघत न्हाय.

--रूटीन्स आणि --इव्हेंट्स मुद्दाम लिहिलंय. ट्रिगर आपोआप येतात पण स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसातच ठेवलेले प्रोग्राम) आणि इव्हेंट (ठरल्या वेळी आपोआप पळणारी कामं) न सांगता येत न्हाईत, आणि ते गायब हाईत हे कळतंय कधी तर पगाराच्या दिवशी.

नावांचं काय ते वेगळं प्रकरण दिसतंय, ते इथं कुणीतरी जाणकार सांगंल.

—

एसएसएच_शाहूपुरी

एवढं कशाला? सर्व्हिस बंद करायची, व्हार लिब मायएसक्यूएल फोल्डर आख्खं उचलून तिकडं ठेवायचं, चालू करायची. मी तर असंच करतोय नेहमी.

—

जुना_टर्मिनल

व्हर्जन तेच आणि सर्व्हर नीट बंद केला असंल तर चालतंय भावा, नाही म्हणत न्हाय. पण इथं ५.७ चं फोल्डर ८.० ला द्यायचंय, म्हणजे तिथं उघडल्या उघडल्या अपग्रेड सुरू होणार आणि ते मधी अडकलं तर ५.७ ला परत जायला तीच फाईल चालत न्हाय. शिवाय भट्टी चालू हाय म्हणतोय तो, ४० जीबी जाईपर्यंत ईआरपी बंद ठेवून कोण देतंय. आणि चालू सर्व्हरचं फोल्डर कॉपी करायचं तर मनातबी आणू नका, फायली येतात सगळ्या पण एकमेकींशी बोलत न्हाईत.

—

मोल्डिंगशॉप

दादा लॉग बघितला. जसंच्या तसं. 'गॉट टाईमआऊट रायटिंग कम्युनिकेशन पॅकेट्स', आणि आधीच्या प्रत्येक वेळेची एकेक ओळ हाय. लाईनवाल्याला फोन करून सांगितलं बाबा तुझं बरोबर होतं, तो म्हणतोय साहेब आम्हाला असं कोण सांगत न्हाय कधी.

पण नवीन अडचण, जुन्या सर्व्हरवर जागाच न्हाय. डीएफ मारलं तर ११ जीबी मोकळी दिसत्यात. फाईल ठेवू कुठं? मालक नवीन डिस्कला पैसे द्यायचे न्हाईत, म्हणणार क्लाउडला दिल्यात की.

—

जुना_टर्मिनल

मग फाईल थेट तिकडंच पाड. पाईप राहू दे, पण पाईपाच्या टोकाला डेटाबेस नको, नुसती फाईल पाहिजे:

मायएसक्यूएलडंप ...सगळं तेच... | जीझिप | एसएसएच क्लाउड "कॅट > ईआरपी.एसक्यूएल.जीझेड"

फाईल लिहायला डिस्कला इंडेक्स बघायचा नसतोय, लॉग लिहायचा नसतोय, त्यामुळं ६० सेकंद आडवी पडत न्हाय. उरतोय फक्त तुझा अपलोड. २० एमबीपीएस धरला आणि फाईल ३० जीबी झाली तर साडेतीन तासाच्या आसपास, तेवढा वेळ टीमक्समध्ये पडू दे. हेक्स-ब्लॉबनं पीडीएफ दुप्पट फुगतोय पण जीझिप ते बऱ्यापैकी परत बसवतंय, त्याला भिऊ नको. आणि सुरू करायच्या आधी जुन्या सर्व्हरवर सेट ग्लोबल नेट_राईट_टाईमआऊट = ६०० करून ठेव, नवीन कनेक्शनला लगेच लागू होतंय, रीस्टार्ट लागत न्हाय.

आणि खरं सांगायचं तर टेस्ट_सर्टिफिकेट ह्याच्यात घालूच नको. --इग्नोर-टेबल=ईआरपी.टेस्ट_सर्टिफिकेट देऊन बाकीचा डंप वेगळा काढ. जुनी सर्टिफिकेटं कोण बदलत न्हाय, एकदा स्कॅन झालं की झालं, मग ती आधीच चार दिवस निवांत नेऊन ठेवता येतात, --व्हेअर मध्ये आयडीची रेंज देऊन तुकड्या-तुकड्यानं. शेवटच्या दिवशी फक्त नवीन आलेली न्यायची. म्हणजे बंद ठेवायचा वेळ तासांवरनं मिनिटांवर येतोय.

फक्त एक, मोठ्यानं सांगतोय: पहिल्या तुकड्यानंतरच्या प्रत्येक तुकड्याला --नो-क्रिएट-इन्फो आणि --स्किप-ॲड-ड्रॉप-टेबल लाव. डंप न सांगता 'ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स' लिहितोय, दुसरा तुकडा घालताना पहिला साफ पुसून टाकंल आणि एरर काय येणार न्हाय, सगळं हिरवंगार दिसंल.

लोड करताना मोठ्या पीडीएफवर २००६ ('सर्व्हर हॅज गॉन अवे') किंवा ११५३ आलं तर मॅक्स_अलाउड_पॅकेट वाढव. दोन्हीकडं, सर्व्हरला ८.० मध्ये ६४ एमबी असतंय पण मायएसक्यूएल क्लायंटला १६ एमबीच, आणि लोक सर्व्हरचं वाढवून क्लायंटचं विसरतात. १ जीबीच्या वर जात न्हाय, तेवढं लागणारबी न्हाय. आणि एक डोळा तिकडच्या डिस्कवर ठेव, बायनरी लॉग ३० दिवस सांभाळून ठेवतोय तो, ४० जीबी घातलं की लॉगबी तेवढाच फुगतोय. लोड होईपर्यंत सेशनला सेट एसक्यूएल_लॉग_बिन = ० करून घे, रेप्लिका (लॉग वाचून चालणारा जुळा सर्व्हर) नसंल तर काय बिघडत न्हाय.

—

क्वेरीवाली

नावांचं मी सांगते. दोन्ही गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि चांगली बातमी म्हणजे तुमची नावं हरवलेली नाहीत, फक्त दोनदा गुंडाळली गेलीत.

ईआरपी जुनी पीएचपीची असणार आणि टेबलाचा कॅरसेट (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन१, म्हणजे युरोपी अक्षरांचा, एका अक्षराला एक बाइट. ५.७ पर्यंत मायएसक्यूएल न सांगता लॅटिन१ च धरायचा, त्यामुळं आपल्या भागातल्या अर्ध्याअधिक जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हेच असतं. ब्राउझर यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या मावणारी पद्धत) मराठी पाठवतो, मधला प्रोग्राम कनेक्शनला काही सांगत नाही, सर्व्हर समजतो लॅटिन१ आलंय आणि बाइट जसेच्या तसे ठेवून देतो. वाचताना पण तसंच परत देतो. दोघंही चुकतायत पण सारखंच चुकतायत, म्हणून ईआरपीत मराठी दिसतं. मायएसक्यूएलडंप मात्र स्वतःचं कनेक्शन यूटीएफ-८ म्हणून उघडतो, मग सर्व्हर प्रामाणिकपणे प्रत्येक बाइटला एकेक लॅटिन अक्षर समजून त्याचं यूटीएफ-८ करून देतो. झालं.

तुम्ही जी चिन्हं सांगितलीत त्यावरनंच ओळखता येतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, पहिला बाइट कायम ई०, लॅटिन१ मध्ये तो म्हणजे तुमचा डोक्यावर रेघवाला ए. दुसरा ए४ किंवा ए५. ए४ म्हणजे ते चार पायाचं गोल, ते चलनाचं सर्वसाधारण चिन्ह आहे, आणि ए५ म्हणजे येन. अ पासून ऱ्हस्व वेलांटीपर्यंतचं सगळं ए४ मध्ये येतं, दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडायचा हलंत हे ए५ मध्ये. म्हणून येन मधीमधी दिसतो, जिथं उकार-मात्रा किंवा जोडाक्षर असेल तिथं.

अंदाजावर न जाता मोजून बघा. गाव कॉलमात इचलकरंजी असलेली एक रो घ्या आणि दोन्ही सर्व्हरवर चालवा:

सिलेक्ट हेक्स(गाव), लेंग्थ(गाव), कॅर_लेंग्थ(गाव) फ्रॉम कामगार व्हेअर आयडी = ...

इचलकरंजी म्हणजे इ, च, ल, क, र, अनुस्वार, ज, दीर्घ वेलांटी, अशी ८ चिन्हं, २४ बाइट. टेबल खरोखर यूटीएफ-८ असेल तर लेंग्थ (बाइट) २४ आणि कॅर_लेंग्थ (अक्षरं) ८ येईल. तुमच्या जुन्या सर्व्हरवर दोन्ही २४ येतील आणि हेक्सची सुरुवात ई०ए४ नं होईल, म्हणजे बाइट शुद्ध आहेत, वर लेबल चुकीचं आहे. आणि नवीन सर्व्हरवर टेबल यूटीएफ८एमबी४ असेल तर कॅर_लेंग्थ २४, लेंग्थ ५२, आणि हेक्स सी३ए०सी२ए४ असं सुरू होईल. असं आलं की दुहेरी गुंडाळलं हे नक्की.

आता उपाय. हे टेबल परत काढा, पण डंपला सांगा की बाबा तू पण लॅटिन१ च समज, म्हणजे तो काही बदल न करता बाइट तसेच देईल:

मायएसक्यूएलडंप --डीफॉल्ट-कॅरॅक्टर-सेट=लॅटिन१ --स्किप-सेट-कॅरसेट ईआरपी कामगार > कामगार.एसक्यूएल

फाईल लेसमध्ये उघडून बघा, मराठी वाचता आलं पाहिजे. आलं तर क्रिएट टेबलच्या शेवटी जे डीफॉल्ट कॅरसेट लॅटिन१ लिहिलंय (एखाद्या कॉलमला वेगळं दिलं असेल तर तिथंही) ते यूटीएफ८एमबी४ करा आणि लोड करताना क्लायंटला --डीफॉल्ट-कॅरॅक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४ द्या. हे फक्त मराठी असलेल्या टेबलांना, सरसकट सगळ्या डंपला लावत सुटू नका, जे टेबल आधीच बरोबर आहे त्यातलं मराठी लॅटिन१ मध्ये मावत नाही, तिथं प्रश्नचिन्हं येतील, आणि प्रश्नचिन्ह झालेलं अक्षर बॅकअपशिवाय कोणी परत आणू शकत नाही. तुमचं जे झालंय ते उलटं फिरवता येतं कारण मायएसक्यूएलचा लॅटिन१ ज्या ५ कोडना काही अक्षरच नाही तेसुद्धा फेकून न देता धरून ठेवतो.

लोड झालेलंच दुरुस्त करायचं असेल तर तेही होतं, अपडेट करून कॉलमला कन्व्हर्ट(कास्ट(कन्व्हर्ट(गाव यूझिंग लॅटिन१) ॲज बायनरी) यूझिंग यूटीएफ८एमबी४). पण आधी सिलेक्टमध्ये चालवून डोळ्यांनी बघा, आणि एकदाच चालवा, दुसऱ्यांदा चालवलं की बरोबर झालेली नावं प्रश्नचिन्हं होतील.

अजून एक बघाच. लॅटिन१ मध्ये व्हारचार(२५) म्हणजे २५ बाइट, म्हणजे मराठीची ८ चिन्हं आणि वर एक अर्धवट बाइट. हातकणंगले ९ चिन्हांचं आहे. कॉलम २५ चा असेल तर तुमच्याकडं हातकणंगलेचे सगळे कामगार शेवटच्या मात्रेशिवाय राहत असतील आणि त्या मात्रेचा एक बाइट शेपटीला लोंबकळत असेल, नवीन टेबल ते नीट घेणार नाही. व्हेअर लेंग्थ(गाव) = २५ असं टाकून अशा रो आधीच काढून घ्या आणि हातानं दुरुस्त करा.

—

मोल्डिंगशॉप

ताई, २४ आणि ५२, बरोब्बर आलं. मी हे स्क्रीनवर बघत असताना एचआरच्या मॅडम मागं उभ्या होत्या, त्यांना वाटलं हॅक झालंय सगळं.

आणि गाव कॉलम २५ चाच हाय. हातकणंगल. ईआरपीच्या प्रिंटवर वर्षानुवर्षं तसंच येतंय, लोकांना वाटायचं प्रिंटर शेवटचं खातोय, दोनदा प्रिंटर दुरुस्तीला टाकलाय त्याच्यापायी.

कामगार टेबल तुमच्या पद्धतीनं नेलं, नावं स्वच्छ आली. सर्टिफिकेटं तुकड्यानं चालल्यात. आता बाकीच्या डंपला लोड करताना व्ह्यूवर (डेटाबेसात साठवून ठेवलेली क्वेरी) अडकतंय:

एरर १२२७: ॲक्सेस डिनाईड, यू नीड (ॲट लीस्ट वन ऑफ) द सुपर ऑर सेट_यूझर_आयडी प्रिव्हिलेज(स)

क्लाउडवर मी रूट वापरत न्हाय, ईआरपीचा वेगळा यूझर केलाय.

—

पन्हाळा_पिंग

हे मला माहिताय. डेफिनर. व्ह्यू, ट्रिगर, प्रोसिजर ह्या सगळ्यांत ते कुणी तयार केलं त्याचं नाव डंपमध्ये लिहिलेलं असतंय, तुमच्या ईआरपीवाल्यानं ते जुन्या सर्व्हरच्या रूटनं केलं असणार. तिकडचा साधा यूझर दुसऱ्याच्या नावानं वस्तू तयार करायला गेला की हा एरर. एकतर लोड तेवढं ॲडमिन यूझरनं कर, न्हायतर सेडनं (फायलीतला मजकूर बदलायची कमांड) डेफिनरचा तुकडा उडवून टाक, मग जो लोड करतोय त्याचं नाव लागतंय. पण ॲडमिननं लोड केलंस आणि डेफिनरमधला यूझर तिकडं अस्तित्वातच नसंल तर लोड होतंय गुपचूप आणि व्ह्यू उघडला की मग १४४९ देतंय, डेफिनर डझ नॉट एक्झिस्ट. त्यापेक्षा उडवलेलं बरं.

सेड लावताना आख्ख्या फायलीवर लावू नको, ब्लॉबवाली फाईल वेगळी हाय तुझी हे बरंय. स्ट्रक्चर आणि डेटा वेगळा काढला असशील तर फक्त स्ट्रक्चरच्या फायलीवर लाव.

आणि शिफ्ट झाल्यावर ईआरपी लॉगिनच होत न्हाय म्हणून परत इथं येशील, तर आत्ताच सांगून ठेवतो. ८.० नवीन यूझरला कॅशिंग_शा२_पासवर्ड लावतोय, जुन्या पीएचपीला तो समजत न्हाय, 'ऑथेंटिकेशन मेथड अननोन टू द क्लायंट' म्हणतोय. ईआरपीचा यूझर आयडेंटिफाईड विथ मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड करून बनव. तात्पुरतं हाय हे, पीएचपी वर न्यायलाच लागणार, पण पगार तरी होईल.

—

एसएसएच_शाहूपुरी

मला एक सांगा, मी ऑफिसातल्या विंडोजवरनं पॉवरशेलमध्ये डंप काढतोय, फाईल दिसायला ठीक दिसती, लिनक्सवर घातली की पहिल्याच ओळीला बोंब. ह्याच धाग्यात विचारतो, नवीन कशाला.

—

क्वेरीवाली

पॉवरशेलचा बाण वापरताय ना फाईल करायला? विंडोजसोबत येणारं पॉवरशेल त्या बाणानं यूटीएफ-१६ मध्ये लिहितं, मायएसक्यूएलला ते कनेक्शनवर चालतच नाही. बाण सोडा, --रिझल्ट-फाईल=डंप.एसक्यूएल असं द्या, मग डंप स्वतःच फाईल लिहितो. आणि विंडोजवरनं लिनक्सवर नेताय तर टेबलांची नावं बघा, विंडोज सगळी बारक्या लिपीत करून ठेवतं, प्रोग्राममध्ये मोठं अक्षर असेल तर लिनक्स म्हणेल असं टेबलच नाही. ८.० मध्ये लोअर_केस_टेबल_नेम्स पहिल्यांदा इन्स्टॉल करतानाच ठरवावं लागतं, नंतर बदलून देत नाही.

—

मोल्डिंगशॉप

डेफिनर उडवलं, व्ह्यू आले, प्रोसिजरबी आल्या. झिरो तारखा होत्या काही टेबलात, त्यापण तशाच आल्या, मला वाटलेलं ८.० घेणार न्हाय.

—

जुना_टर्मिनल

डंप स्वतःच्या डोक्यावर एसक्यूएल_मोड सैल करून घेतोय म्हणून आल्या. उद्या त्याच टेबलात नवीन कॉलम घालायला ऑल्टर मारशील तेव्हा 'इनव्हॅलिड डीफॉल्ट व्हॅल्यू' म्हणून अडवंल, ईआरपीनं शून्य तारीख टाकली तरी अडवंल. त्या नल करता येतात का ते ईआरपीवाल्याला विचार, आत्ताच.

आणि एक विचारतो, इव्हेंट किती हाईत तुझ्याकडं? --इव्हेंट्स लावून आणलंस ना सगळं. ५.७ ला इव्हेंट शेड्युलर मुद्दाम चालू करायला लागतोय, ८.० ला तो आपला आपणच चालू असतोय. म्हणजे रात्री १२ ला स्टॉक क्लोजिंगचा किंवा सप्लायरला एसएमएस टाकायचा इव्हेंट असंल तर तो आजच रात्री दोन्ही सर्व्हरवर पळणार, एक खऱ्या डेटावर आणि एक तुझ्या अर्ध्या आलेल्या डेटावर.

—

मोल्डिंगशॉप

बाप रे. एसएमएसचा हाय. क्लाउडवर एसएमएसचा प्रोग्राम अजून टाकला न्हाय म्हणून वाचलो, नुसत्या क्यू टेबलात ओळी पडल्या असत्या.

—

जुना_टर्मिनल

त्या ओळी पडून राहिल्या असत्या आणि प्रोग्राम टाकल्या टाकल्या सगळ्या एकदम सुटल्या असत्या, ते जास्त वाईट. सेट ग्लोबल इव्हेंट_शेड्युलर = ऑफ, आत्ता, आणि कॉन्फिग फायलीतबी लिही, न्हायतर रीस्टार्ट झाला की परत चालू. शिफ्टच्या दिवशी आधी जुन्यावर बंद करायचा, क्यू टेबल रिकामं हाय का बघायचं, मग नवीनवर चालू.